सहा नंबरची खाट

मेणबत्तीवाचून मरणं ही मारामुरेशच्या डोंगरात साधी गोष्ट नाही, ती शिवी आहे. भांडणात बायका एकमेकींना ती घालतात, आणि जिला लागते ती आठ दिवस धड जेवत नाही. मरणाऱ्याच्या हातात पेटती मेणबत्ती हवी, नाहीतर तो पलीकडच्या अंधारात चाचपडत राहतो आणि मागे राहिलेल्यांनाही सुखानं जगू देत नाही. आता इस्पितळात मेणबत्ती पेटवायची कुठे? प्रत्येक खाटेच्या उशाशी भिंतीतून ऑक्सिजन येतो. ठिणगी पडली तर मरणारा एकटा कशाला, अख्खा वॉर्ड जायचा. पण पहिल्या मजल्यावरच्या वॉर्डात कोपऱ्यातल्या सहा नंबरच्या खाटेला ती जोडणीच नव्हती, बांधणारा मिस्त्री विसरला होता म्हणे. म्हणून ज्याचं आता काही खरं नाही असं सिस्टरांना दिसे, त्याला त्या सहा नंबरवर हलवत. घरचे येत, मेणबत्ती लागे, माणूस शांतपणे जाई. नोंदीत कारण नेहमी एकच असे, 'सोयीसाठी खाट बदलली.' वेतुरिया होदोश तिथे हेड सिस्टर होऊन एकोणीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत तिनं किती जणांना त्या कोपऱ्यात नेलं याची मोजदाद तिनं ठेवली नव्हती. कोण ठेवतं?

सप्टेंबरात तिथे नोटरी आला. म्हणजे यंत्र आलं. सिस्टरांच्या टेबलावर एक पडदा, आणि त्यावर प्रत्येक रुग्णाचं नाव, खाट आणि शंभरातला एक आकडा. आकडा जितका चढा तितकी आशा कमी. इस्पितळाच्या दहा वर्षांच्या नोंदी वाचून ते शिकलं होतं. नोटरी हे नाव सिस्टरांनीच ठेवलं, कारण गावात मृत्युपत्र लिहायला नोटरी कुणाच्या घरात शिरला की शेजारीपाजारी काय ते समजून जातात. पण खोटं कशाला बोला, यंत्र गुणाचं होतं. ऑक्टोबरात एका शिक्षिकेच्या रक्तात विष पसरतंय हे त्यानं डॉक्टरांच्या आधी सहा तास ओळखलं. ती बाई आज शाळेत पोरांवर ओरडतेय, ठणठणीत आहे. तेव्हापासून नोटरीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झाली.

नोव्हेंबरात वेतुरियाची धाकटी बहीण लेओंतिना न्यूमोनियानं आली. वॉर्ड गच्च भरला होता, रिकामी खाट एकच, सहा नंबरची. वेतुरियानंच तिला तिथे निजवलं, छोटं सिलिंडर लावून दिलं आणि म्हणाली, "मी आहे ना इथे, घाबरतेस काय!" दुपारपर्यंत नोटरीनं अठ्ठ्याऐंशी दाखवले. डॉक्टर फ्रासिन आले, आकडा पाहिला, मान हलवली. वर अतिदक्षता विभागात चारच खाटा, त्या ज्याला उपयोग होईल त्याला. "वेतुरियाबाई, तिचे हाल करू नका," ते म्हणाले, आणि ते दयाळूपणानंच म्हणाले. लेओंतिना अजून बोलत होती. "ताई, माझ्या कोंबड्यांना कोण घालतंय गं खायला?" असं तिनं विचारलंसुद्धा. वेतुरियानं स्वतःच्या हातानं तिच्या नाकातली नळी काढली, सिलिंडर बंद करून बाहेर ढकललं, कारण त्याच्याजवळ ज्योत चालत नाही, आणि मेणबत्ती लावली. दीड तासानं लेओंतिना गेली. गावात सगळे म्हणाले, नशीबवान हो, सख्ख्या बहिणीनं मेणबत्ती धरली.

चाळीस दिवसांचं जेवण झालं, गोड गहू शिजवून वाटून झाले. तरी वेतुरियाच्या मागचं काही सुटलं नाही. सहा नंबरवरून जाताना तिला भर दुपारी वितळलेल्या मेणाचा वास येई. खाट रिकामी असली तरी चादरीवर कुणी कुशीवर निजून उठल्यासारखा खळगा दिसे. ती चादर ताठ करी, पाठ फिरवी आणि पुन्हा वळून पाही, तर खळगा तिथेच. कुणाला सांगायची सोय नव्हती. हेड सिस्टरच भुतंखेतं पाहायला लागल्यावर बाकीच्यांनी काय करावं?

जानेवारीत तापाची साथ आली आणि गाव्रिला तोमोयागा आला. लाकडाच्या वखारीतला माणूस, चव्वेचाळीस वर्षांचा, छातीत न्यूमोनिया. दोन नंबरच्या खाटेवर त्याचा आकडा होता एकतीस. सकाळी दहाला डोंगरातून दोन म्हाताऱ्या आल्या, दोघी निळ्या पडलेल्या, दोघींना भिंतीचा ऑक्सिजन हवा. गाव्रिलाचं छोट्या सिलिंडरवर भागत होतं.

"चला गाव्रिला, तुम्हाला कोपरा देते. खिडकी आहे, बर्फ बघत पडा," वेतुरिया म्हणाली. म्हणताना तिनं कोपऱ्याकडे बघायचं टाळलं, पण दुसरी खाट होती कुठे?

पाच नंबरवरची प्रोफिरा आजी उठून बसली. ती गेल्या दोन महिन्यांत तिसऱ्यांदा आली होती आणि वॉर्डाची मालकीण असल्यासारखी वागे.

"ए सिस्टर, त्याला तिथे नको टाकू. ती खाट माणूस ओढते."

"आजी, तुमचं तुम्ही बघा. सूप संपवलंत का?"

"सूप गेलं खड्ड्यात! त्या म्हाताऱ्या टपालवाल्याला टाकलंत, मेला. त्या शिवणवाल्या बाईला टाकलंत, मेली. ती तर चालत आली होती, माझ्याकडनं बिस्किट घेऊन खाल्लं तिनं. आणि तुझी बहीण..."

"गप्प बसा!" वेतुरिया एवढ्या जोरात ओरडली की सगळा वॉर्ड तिच्याकडे बघायला लागला.

गाव्रिला हसला. "असू दे हो आजी, आमच्या वखारीतला फोरमन याच्यापेक्षा वाईट ओढतो माणसाला."

वेतुरियानं पडद्यावर त्याची खाट बदलली, सिलिंडर जोडलं, नाडी पाहिली, ताप पाहिला. सगळं सकाळसारखंच. टेबलाशी परत येऊन बसली आणि पडद्याकडे बघितलं तर गाव्रिलाच्या नावापुढे शहाऐंशी.

ती उठून पुन्हा त्याच्याकडे गेली. मघाशी होता तसाच होता माणूस, कोबीचे रोल कधी मिळतील म्हणून विचारत होता. वीस मिनिटांत एकतीसचे शहाऐंशी? काय बदललं होतं? काहीच नाही. फक्त खाट बदलली होती.

मग तिला उमजलं. एकोणीस वर्षं आपणच त्या कोपऱ्यात मरायला टेकलेली माणसं नेली, आणि आपणच लिहिलं, सोयीसाठी खाट बदलली. नोटरीला मेणबत्ती काय ठाऊक? त्यानं एवढंच वाचलं की सहावर गेलेला माणूस जातो. प्रोफिरा आजी म्हणाली तेच त्यानं आकड्यात सांगितलं. शिवणवाल्या बाईला जागा नव्हती म्हणून तिथे टाकलं होतं, आणि टपालवाल्यालाही. लेओंतिनालासुद्धा.

दुपारी दोनला गाव्रिला खरोखरच बिघडला. ताप चाळीसवर गेला, श्वास धावायला लागला, हसणं बंद झालं. आता त्याला वरच हलवायला हवं होतं, आणि वर एक खाट रिकामी होती. डॉक्टर फ्रासिन आले. चांगला माणूस, चाळिशीचा, तीन दिवस झोपलेला नसावा. त्यांनी गाव्रिलाच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, मग टेबलाशी येऊन पडदा पाहिला. एक्क्याण्णव.

"बायकोला बोलवा," ते हळू म्हणाले.

"बायको बाहेरच बसलीय. पिशवीत मेणबत्ती घेऊन बसलीय. पण डॉक्टर, त्याला वर न्या."

"आकडा बघितलात ना?"

"बघितला. सकाळी एकतीस होता. मी खाट बदलली आणि शहाऐंशी झाला. तो आकडा त्या माणसाचा नाही, खाटेचा आहे."

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला. वेतुरियाबाई, तो बिघडलाय, स्वतःच्या डोळ्यांनी बघताय तुम्ही."

"बिघडलाय म्हणूनच वर हवा! धडधाकट माणसाला वर नेऊन काय करणार, पत्ते खेळणार?"

फ्रासिन दमून खुर्चीत बसले. "तुमचं दुःख मला कळतं. बहिणीला जाऊन अजून..."

"माझं दुःख राहू दे बाजूला. दोन मिनिटं इथे बसा, हलू नका."

तिनं शोकाच्या काळ्या झग्याची बाही वर केली, स्वतःच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला, बोटाला चिमटा लावला. एकशे तीस, ऐंशी. ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव. ताप नाही. मग पडद्यावर नवा रुग्ण उघडून लिहिलं, वेतुरिया होदोश, वय सत्तावन्न, खाट तीन.

"हे काय करताय? असं खोटं नाव घालता येत नाही, माझी नोकरी जाईल!"

"नाव खरं आहे माझं. बघा."

आकडा आला, चार.

"आता बघा." तिनं तीन खोडून सहा केलं. कारण लिहिलं, सोयीसाठी खाट बदलली.

दोघं पडद्याकडे बघत राहिले. मागे गाव्रिलाचा श्वास करवतीसारखा चालला होता. मग आकडा हलला. सत्त्याहत्तर. आणि त्याखाली ओळ उमटली: 'त्रासदायक उपचार टाळावेत. नातेवाइकांना कळवावे.'

फ्रासिननी तोंडावरून हात फिरवला. त्यांनी ती ओळ वाचली, शेजारी उभ्या असलेल्या वेतुरियाकडे बघितलं, पुन्हा ओळ वाचली.

"वेतुरियाबाई... नोव्हेंबरात..."

"आत्ता नाही," ती म्हणाली. "आधी वर फोन करा."

त्यांनी फोन केला. वरचे कुरकुरले, आकडा विचारला. फ्रासिन ओरडले, "आकडा मी सांगतो तो! मी तपासलाय माणसाला, पाठवतोय!" दहा मिनिटांत गाव्रिलाला घेऊन स्ट्रेचर दारातून बाहेर गेलं. त्याची बायको पारास्किवा पिशवी छातीशी धरून जिन्यापर्यंत मागे धावली. वेतुरियानं तिच्या हातातली मेणबत्ती काढून घेतली. "ही नको. घरी जाऊन गरम सूप आणा," ती म्हणाली आणि मेणबत्ती स्वतःच्या खिशात टाकली.

नंतरचे दिवस कसे गेले ते वेतुरियाचं तिलाच ठाऊक. फ्रासिननी वरिष्ठांना कळवलं, यंत्राच्या कंपनीची माणसं आली, माना डोलावून गेली, पडद्यावरून खाटेचा नंबर निघाला. सप्टेंबरापासूनची यादी काढली तेव्हा तिघं निघाले. जागा नव्हती म्हणून सहावर निजवलेले, आकडा चढला म्हणून वर न नेलेले. फ्रासिननी यादी तिच्यासमोर ठेवली आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"वर नेलं असतं तरी तुमची बहीण वाचली असती असं नाही," ते म्हणाले. "न्यूमोनिया होता. खात्री कोण देणार?"

त्या वाक्याला वेतुरिया बुडत्यानं काडी धरावी तशी धरून बसली. खात्री नाही. न्यूमोनिया होता. आणि मग तिला स्वतःचीच भीती वाटायला लागली, कारण वरच्या मजल्यावर गाव्रिला होता. तोच आजार, तीच खाट, तसाच आकडा. तो वर जाऊनही मेला, तर लेओंतिनाही मेलीच असती. आणि तो जगला तर? ती गुडघे टेकून त्याच्यासाठी प्रार्थना करायला बसे आणि मध्येच थांबे, कारण आपण नक्की काय मागतोय हे तिला कळत नसे. वीस पावलांवर जिना होता, पण ती एकदाही वर गेली नाही. कुणी वरून खाली आलं की ती औषधांच्या कपाटात डोकं घाली. चादरीवरचा खळगा आता दोन्ही वेळा दिसे, सकाळी आणि दुपारी, आणि ती तो मोडायच्या फंदात पडत नसे.

अकराव्या दिवशी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, एक पायरी, थांबणं, एक पायरी. पारास्किवाच्या खांद्यावर हात टाकून गाव्रिला आला. गालफडं बसलेली, दाढी वाढलेली, पण आला तो स्वतःच्या पायांनी.

"अरे वा, हा तर उठला!" प्रोफिरा आजीनं टाळी वाजवली. "खाटेच्या दाढेतून सुटला!"

पारास्किवानं टेबलावर घरच्या पलिंका दारूची बाटली आणि अक्रोडाची गोड पोळी ठेवली. गाव्रिलानं वेतुरियाचा हात धरला, वाकून त्यावर ओठ टेकले.

"डॉक्टरांनी सगळं सांगितलं," तो म्हणाला. "तुम्ही नसता, तर मी आज मातीत असतो."

"बसा. धाप लागेल."

"आणि त्यांनी असंही सांगितलं की माझ्याआधी तिथे तुमची बहीण होती."

"होती."

गाव्रिलानं टोपी काढली. "देव तिला क्षमा करो."

त्या खोऱ्यात मेलेल्या माणसाचं नाव निघालं की सगळे हेच म्हणतात, आणि ऐकणाऱ्यानं 'करो' म्हणायचं असतं. वेतुरिया आयुष्यभर म्हणत आली होती.

"तिला कशाला?" ती म्हणाली. "तिनं काय केलंय? ती बोलत होती हो. तुमच्यासारखीच बोलत होती, कोंबड्यांचं विचारत होती. नळी मी काढली तिच्या नाकातली. तुम्ही आत्ता ज्या हाताचा मुका घेतलात ना, याच हातानं."

पारास्किवा डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात कोंबून रडायला लागली. वेतुरियानं हात मागे ओढला, पण गाव्रिलानं तो सोडला नाही. तो तिच्यासमोर उभा होता, गरम हाताचा, जिवंत, आणि तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं.