मांडवाबाहेरचं गाणं

जयाने पुन्हा गुडघे टेकले, पदरात तोंड लपवलं आणि ती हमसून हमसून रडायला लागली, तेव्हा रुखमाबाईने सुपारी कातरायची थांबवली. अडकित्ता मांडीवर ठेवून तिने विचारलं,

"हे कोन होय?"

पेटीवरचे भीमराजचे हात थांबले. "मावशी, हे तूच ना. पाटलाच्या मांडवाबाहेर."

"मी अशी कवा रडली?"

बौद्धवाड्यातल्या झेंड्याच्या ओट्यावर तालीम चालली होती. रुखमाचं काम वाड्यातलीच जया करत होती. भीमराज तिच्या बहिणीचा मुलगा, महागावच्या शाळेत मास्तर. नागपुरात शिकताना त्याने संगीत नाटकं पाहिली होती आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच होतं, आपल्या मावशीच्या आयुष्याचं नाटक करायचं. एके काळी फुलसावंगीच्या आसपास एकही लग्न असं नव्हतं की ज्यात रुखमाबाईचा गळा वाजला नाही. जिवंत माणसाचं नाटक कोणी करतं का, असं गावात चारचौघे म्हणाले. त्यावर रुखमाबाईने पानाची पिचकारी टाकून उत्तर दिलं होतं, "मेल्यावर केलं तं मी पाहू कशी?"

तर नाटकात तिचं बालपण होतं, डफवाल्या डोमाजीशी झालेलं लग्न होतं, शेवटी पांढरं लुगडं नेसून नागपूरला घेतलेली दीक्षा होती. सगळं तिला पसंत होतं. फक्त मधला हा प्रवेश तिच्या घशाखाली उतरत नव्हता. मारोतराव पाटलांची बहीण विमल, तिचं लग्न. पाटलांनी गायला बोलावलं आणि मांडवाच्या बाहेर, बैलांच्या गव्हाणीपाशी उभं केलं. ते खरंच होतं. पण भीमराजच्या लिखाणात रुखमा पाटलांच्या पाया पडत होती, मला आत घ्या म्हणत होती, आणि मग रडत होती.

"लोकायच्या डोळ्यात पानी आलं पाह्यजे मावशी," भीमराज समजुतीच्या सुरात म्हणाला. "पानी आल्याशिवाय मानूस जागा होत नाही."

"मंग कांदे कापाले लाव एखादीले. मी रडली नाही." रुखमाबाई सावरून बसली. "मी पाटलाले म्हटलं, येथून नवरीचं तोंड दिसत नाही, कोनासाठी गाऊ? तं थो म्हने, तुले पाहाची काय गरज, आमाले ऐकू येते ना. बस. मंग मी गायली. अन् अशी गायली, का सारा मांडव माह्याकडं तोंड करून बसला. वऱ्हाड्यायची पाठ वरमायकडं अन् तोंड गव्हानीकडं."

ही गोष्ट भीमराजने लहानपणापासून ऐकली होती. दर वेळी मांडव थोडा मोठा होत असे. त्या दिवशी तिच्यासोबत उभा असलेला डोमाजी केव्हाच वारला होता आणि मांडवातल्या माणसांना विचारायला कोण जाणार? भीमराजचं मावशीवर जीवापाड प्रेम होतं, पण तिच्या या गोष्टीवर त्याचा विश्वास नव्हता. तो हसला, आणि ते हसणं रुखमाबाईला दिसलं.

"रडनं काढ," ती म्हणाली. "नाही तं गानं देत नाही."

आता मात्र भीमराजने पेटीचा भाता मिटला. त्या लग्नात तिने गायलेलं पाठवणीचं गाणं तिचं स्वतःचं होतं. दीक्षेनंतर तिने ते एकदाही म्हटलं नव्हतं. यापुढे कोणाच्याही मांडवाबाहेर उभं राहायचं नाही, असं ठरवून ती नागपूरहून परतली होती, आणि त्याबरोबर ते गाणंही गळ्यातच राहिलं होतं. ते नसेल तर नाटकाचं नाक कापल्यासारखं झालं असतं.

"बरं, काढतो," तो शेवटी म्हणाला. "पन मंग मांडव वळला थे दाखवू कसं? मंचावर धा मानसं बसवली अन् त्यायनं माना फिरवल्या, तं लोकं हासतीन."

"मंचावर कायले दाखवतं? जयाले लोकायच्या मांगं उभी कर. मंच रिकामा ठेव. तिथूनच गाऊ दे तिले."

"माईक समोर आहे मावशी. मांगून आवाज जाईन का?"

"माह्या वक्ताले कोठी होता माईक?"

"अन् लोकं नाही वळले तं?"

रुखमाबाईने अडकित्ता उचलला. "नाही वळले तं समजजो, तुही मावशी आजवर थापा मारत होती."

बोलून गेली खरी, पण त्या दिवसापासून तिची झोप उडाली. वेचणीचे दिवस होते. जया आणि तिची आई मथुराबाई कापूस वेचायला जात, तिथे रुखमाबाईही जाऊ लागली. दुपारी बाया भाकरी खायला बसल्या की ती जयाला वावराच्या एका धुऱ्यावर, बांधावर, उभी करी आणि आपण कपाशीच्या पऱ्हाट्या ओलांडून दुसऱ्या धुऱ्यावर जाऊन बसे. मध्ये सगळं पांढरं रान. जया गायची आणि रुखमाबाई तिथूनच हात हलवून नाही म्हणायची.

"जवळच्याले ऐकवून राह्यली तू," ती परत येऊन सांगे. "जवळच्याले ऐकवलं का आवाज पायात पडते. सर्वायत दूर जो मानूस आहे ना, ज्याले ऐकाचंच नाही, त्याच्यासाठी गा. मधले आपोआप ऐकतात."

"त्याले ऐकाचं नाही, तं त्याच्यासाठी गाऊ कायले आजी?"

"थे गाल्यावर समजते."

जयाचा आवाज गोड होता, पण भिडस्त. रुखमाबाई तिच्यावर ओरडली, तिची नक्कल केली, आणि एक दिवस तिला खांद्याला धरून गदगदा हलवलंसुद्धा. मग आपल्या डब्यातला ठेचा तिच्या भाकरीवर घातला. कापूस सरत आला तेव्हा एका दुपारी रुखमाबाईने पलीकडच्या धुऱ्यावरून हात हलवलाच नाही. ती नुसतीच बसून राहिली. जयाला वाटलं, आजीला डुलकी लागली.

नाटकाचा दिवस उजाडला. शाळेच्या पटांगणात मंच उभा राहिला, दोन्ही बाजूंना भोंगे चढले. दिवेलागणीला सारं गाव लोटलं. मारोतराव पाटील आता सरपंच होते. पटांगण त्यांनीच दिलं होतं आणि स्वतःसाठी घरची शिसवी खुर्ची दोन गड्यांकरवी आणून पहिल्या रांगेत ठेवली होती. भीमराजने मुद्दाम तिला लागूनच रुखमाबाईची खुर्ची मांडली. पाटलांनी एकवार तिकडे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बसा, रुखमाबाई." पूर्वी ते रुखमे म्हणायचे. ती बसली.

बौद्धवाड्यातल्या बाया आल्या आणि कोणी काही सांगितलं नसताना थेट मागे जाऊन, पार कडेला सतरंजी संपते तिथे बसल्या. ते पाहून भीमराजचा पारा चढला. तो मंचावरून उडी मारूनच खाली आला.

"मावशी, पाह्य यायले! दीक्षा घेतली तरी मांगंच बसतात. उठवून समोर आनतो."

"राहू दे," रुखमाबाई म्हणाली.

"राहू कायले दे?"

"आज राहू दे म्हनलं ना."

तो धुसफुसत पडद्याआड गेला. नाटक सुरू झालं आणि रंगलं. डोमाजीचं काम करणाऱ्या पोराने डफावर अशी काही थाप मारली की लोकांनी टाळ्या पिटल्या. रुखमाबाईला मात्र त्यातलं काही दिसत नव्हतं. ती पुढच्या प्रवेशाची वाट पाहत बसली होती.

पडदा उघडला. मंचावर आंब्याच्या टहाळ्यांचा मांडव होता, दोन पाट होते, आणि माणूस एकही नव्हता. मंच बराच वेळ तसाच राहिला. लोक चुळबुळले. कोणीतरी म्हणालं, नट पळाले वाटते. तेवढ्यात सगळ्यांच्या मागून, निंबाच्या अंधाऱ्या बुंध्यापासून आवाज आला.

"भरल्या घरातून निघाली माही बाई..."

लोकांनी भोंग्यांकडे पाहिलं. सगळ्या माना वर, भोंग्याच्या तोंडाकडे. गाणं म्हणजे भोंग्यातूनच यायचं, हे आता गावाला पाठ झालेलं. रुखमाबाईने मागे वळून पाहिलं नाही. डोळे मिटले आणि ओठातल्या ओठात म्हणाली, दूरच्यासाठी, पोरी, दूरच्यासाठी.

"उंबऱ्याले इचारते, परत येऊ का नाही..."

या ओळीला आवाज उघडला. वावराच्या धुऱ्यावर उघडला होता तसा, आणि सबंध पटांगण ओलांडून मंचावरच्या रिकाम्या मांडवात शिरला. आधी मागच्या बाया वळल्या. मग त्यांच्या पुढचे, मग मधले. सतरंज्यांची सळसळ पुढे पुढे येत गेली. पोरं उलटी फिरून गुडघ्यावर उभी राहिली. बघता बघता सबंध पटांगणाने मंचाकडे पाठ केली. बौद्धवाड्याच्या बाया सगळ्यांच्या पुढे आल्या आणि खुर्च्यांची रांग सगळ्यांच्या मागे राहिली. मथुराबाई आता पहिल्या रांगेत बसून आपल्या लेकीकडे पाहत होती.

रुखमाबाईने डोळे उघडले आणि उठून आपली खुर्ची फिरवली. शेजारी पाटील मान वळवून, टाचा उंचावून धडपडत होते. शिसवी खुर्ची काही त्यांच्या एकट्याच्याने हलेना.

"मले तं काहीच दिसून नाही राह्यलं," ते म्हणाले.

हे वाक्य ऐकायला ती कितीतरी वर्षं थांबली होती, आणि त्याचं उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. तिने ते आवाज न चढवता दिलं.

"पाहाची काय गरज पाटील. ऐकू येते ना."

पाटलांचे हात खुर्चीच्या पाठीवर थांबले. रागावून निघून जातील, असं तिला वाटलं, आणि गेले असते तरी तिला चाललं असतं. पण ते तसेच उभे राहिले. जयाने दुसरं कडवं घेतलं. पाटील समोरच्या माणसांच्या डोक्यांकडे पाहत, जणू स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले,

"विमलच्या लग्नातलं होय हे."

"हो."

"त्या दिवशी बी सारे असेच वळले होते. मी येकटाच नाही वळलो." त्यांनी घसा साफ केला. "विमल बी वळत होती. पाटावरून उठून तुह्याकडं तोंड करूनच राह्यली होती, का मी तिचा खांदा धरून तिले परत समोर बसवलं. नवरीनं पाठ करनं बरं दिसत नाही म्हनून."

रुखमाबाईने मान वर केली. गव्हाणीपासून तिला मांडवातली सगळी तोंडं दिसली होती, फक्त नवरीचं तेवढं दिसलं नव्हतं.

"मरेपर्यंत ऐकवलं तिनं मले थे," पाटील म्हणाले. "म्हने, दादा, थे बाई माह्यासाठी गात होती, अन् तुवा मले तिचं तोंड नाही पाहू देल्लं."

गाणं संपेपर्यंत पाटील उभेच होते. रुखमाबाईला समोरचं काही नीट दिसेनासं झालं. निंब, जया, बायांच्या रांगा, सगळंच पुसट झालं. तिने पदर शोधला, तो खुर्चीच्या हाताला अडकला होता, म्हणून मग पालथ्या हाताने तोंड पुसलं.

नाटक संपल्यावर लोकांनी जयाला गराडा घातला. भीमराज गर्दीतून वाट काढत मावशीकडे धावत आला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"वळले ना मावशी! सारे वळले. तू सांगत होती तसेच!" मग त्याने गॅसबत्तीच्या उजेडात तिच्याकडे नीट पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तू रडली का वो?"

रुखमाबाईने कमरेची चंची सोडली आणि सुपारीचं खांड हातात घेतलं.

"रडली," ती म्हणाली. "नाटकात घालू नोको."