तीन विद्यापीठं आणि एक बाकडं

यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, आणि ते बरंच आहे. ऐकलं की विश्वास ठेवणारी माणसं पुढं प्राध्यापक होतात. आपल्याकडं दर नोव्हेंबरात थापांची स्पर्धा भरते, तिच्यात वकील आणि पुढारी यांना बंदी, कारण त्यांचा तो धंदाच. मी गेली अकरा वर्षं कमिटीला सांगतोय, त्या यादीत विद्यापीठवाले घाला. ऐकत नाहीत.

तर आमची टॅम्सिन. माझ्या लेकीची लेक. ती काय, या पबच्या काउंटरमागं पेले पुसतेय, कान इकडंच आहेत. पोरीला अणुअभियांत्रिकी शिकायचीय. ज्या घराच्या तीन पिढ्या समुद्रकाठच्या त्या अणुइंधनाच्या कारखान्यात झिजल्या, तिथल्या पोरीनं अणू शिकायला दूर कशाला जायचं, असं मी म्हटलं. तर म्हणाली, आजोबा, तुम्ही अडतीस वर्षं तिथं होतात आणि तुम्हाला अजून वाटतं न्यूट्रॉन हिरवा असतो. बरं, असो. तीन विद्यापीठांनी तिला जागा देऊ केलीय. त्यातलं एक निवडायचं आणि पहिली पसंती म्हणून संगणकावर कळवायचं, आज संध्याकाळी सहाच्या आत. साडेपाच वाजून गेलेत. तिनं अजून बटण दाबलेलं नाही, म्हणून तर मी हे एवढ्या मोठ्यानं सांगतोय.

तिन्ही ठिकाणं बघायला मी जातीनं गेलो होतो. पहिल्या ठिकाणी दारातच कापडी पिशवी हातात दिली. पिशवीत पेन, पेनावर विद्यापीठाचं नाव. ओट्सची एक वडी, तिच्यावरही नाव. घोट्याच्या वर संपणारी विजार घातलेला एक प्राध्यापक आम्हाला हिंडवत होता. चढायची खोटी भिंत दाखवली, पोहायचा तलाव दाखवला, तीन तऱ्हेच्या खानावळी दाखवल्या. मी विचारलं, अणुभट्टी कुठाय? तो दाताच्या डॉक्टरासारखा हसला आणि एका खोलीत घेऊन गेला. तिथं पडद्यावर भट्टीचं चित्र. टॅम्सिनला म्हणाला, दाब हे बटण. तिनं दाबलं, चित्रातली भट्टी बंद पडली, आणि सगळ्या आईबापांनी टाळ्या वाजवल्या. ए कोपऱ्यातल्या फिअरन, हसू नकोस. तुझ्या पोरानं असल्याच पडद्यावर पदवी घेतलीय, आणि त्याला घरचा बॉयलर चालू करायला शेजारीण लागते.

दुसरं विद्यापीठ नुसतं काचेचं. आतली सगळी माणसं बाहेरून दिसतात. काम करताना मात्र एकही दिसलं नाही. वर गोठ्याच्या दाराएवढा फलक: देशात तिसरे. कशात, म्हणून मी चौघांना विचारलं. चौथ्यानं कुठंतरी फोन लावून खात्री करून घेतली आणि सांगितलं, विद्यार्थ्यांच्या समाधानात. आता समाधानी तर आमच्या मेंढ्याही असतात, त्यांना कुणी पदव्या वाटत नाही. तिथंच पाइपांच्या गंजावर चाळीस निबंध लिहिलेल्या एक बाई भेटल्या. मी खिशातून गंजका नट काढून त्यांच्या हातावर ठेवायला गेलो, तर बाई दोन पावलं मागं.

आणि मग तिसरं. प्रयोगशाळेच्या दारात जमिनीवर लाल पट्टा, आणि पट्ट्याला लागून आडवं, बुटकं बाकडं. कारखान्यातल्यांना पुढचं सांगायला नको. असं बाकडं दिसलं की बसायचं, एक बूट काढायचा, तो पाय अधांतरी उचलून पलीकडं टाकायचा, मग दुसरा. अलीकडची किरणोत्सारी धूळ बुटांबरोबर पलीकडं जाता कामा नये. अडतीस वर्षं हे केल्यावर पाय डोक्याला विचारत बसत नाहीत. मी बसलो, बूट काढले, पलीकडं गेलो.

माझ्यामागं विद्यापीठ बघायला आलेली चाळीस माणसं होती. आधी एकमेकांकडं बघितलं. मग एका चष्मेवाल्यानं नाड्या सोडल्या, की झालं, पाच मिनिटांत साठ जण मोज्यांवर. हो, साठ. मागून येतच होते. विभागप्रमुख आले, मोज्यांची रांग बघितली आणि मुकाट्यानं खाली वाकले. मग खुद्द कुलगुरू आले, गळ्यात मानाची साखळी, डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर. प्रत्येक बातमीपत्रात हा माणूस पोरांना सांगतो, प्रश्न विचारा. त्यानं एक प्रश्न विचारला असेल तर शपथ. दीडशे शहाणे त्या गार फरशीवर पाय चोळत उभे, आणि आतून यंत्रं राखणारी एक म्हातारी आली, हातात तेलकट फडकं. तिनं सगळ्यांकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "बूट का काढलेत? ते बाकडं आम्ही खोकी ठेवायला आणलंय."

मी तिथल्या तिथं टॅम्सिनला म्हटलं, हेच. जिथं निदान एक माणूस 'का' म्हणून विचारतो, तिथं शिकायचं. बाकीचे दीडशे फुकट दिले तरी घेऊ नकोस. पोरीचे डोळे भरून आले. माझा हात घट्ट धरून ती म्हणाली, आजोबा, तुम्ही नसतात तर—

"आजोबा, तिसऱ्या ठिकाणी तुम्ही आत आलाच नव्हतात." टॅम्सिननं पेला खाली ठेवला. "गाडीत घोरत होतात, मांडीवर सँडविचचा डबा घेऊन. बूट मी काढले होते. तुम्ही आपल्या घराच्या दारात तसलंच बाकडं ठोकून ठेवलंय, दुसरं काय होणार. आणि माझ्यामागं एकानंही काढले नाहीत. सगळे हसले, ती म्हातारीसुद्धा. सकाळीच बटण दाबून आलेय मी, तिथंच जाणार आहे. चार वर्षांत एकेकाला बाकड्यावर बसवते की नाही बघा."