रुसायची खोली

आवाज खाली करू नका हो, मोकळं बोला. मी लाल विटांचं तिमजली घर. दारावर ‘संग्रहालय’ अशी पाटी लागल्यापासून जो तो कुजबुजत आत येतो. अहो, माझ्या तळमजल्यावर छापखाना होता. यंत्र सुरू झालं की वर फडताळात कपबशा नाचायच्या. शांततेची मला सवयच नाही.

मालकांनी मला मोठ्या हौसेनं बांधलं. दीड वीट जाडीच्या भिंती, खिडक्यांवर विटांच्याच कमानी, समोरून चिंचोळं आणि आत लांबच लांब. फक्त गवंड्यानं जिना एक पायरी आधीच वळवला आणि पहिल्या मजल्यावर एक कोपरा उरला. कपाटाला मोठा, खोलीला लहान. मालक भडकले. मालकीणबाई म्हणाल्या, “राहू द्या. दार तेवढं बसवून घ्या, मला रुसायला होईल.”

आणि खरंच रुसायची खोली झाली की! घरात कुणाचं बिनसलं की रुसलेला आत जाऊन कडी लावायचा. ज्याची चूक, त्यानं बाहेर पायरीवर येऊन बसायचं आणि आधी बोलायचं. बाईंवर खेकसलेले मालक शाईच्या हातांनी तिथे कितीदा बसले! खाली कामगार ताटकळायचे, यंत्र थांबायचं, पण मालक काही उठायचे नाहीत.

पुढे दोघंही गेली, छापखाना बंद पडला. एकट्या उरलेल्या लेकीनं म्हातारपणी मला संग्रहालयाला दिलं. मग एक दिवस इंजिनिअर आले आणि मोजपट्टी लावून म्हणाले, “ही अडगळ पाडू. इथे लिफ्ट बसेल.”

माझं धाबंच दणाणलं. लिफ्टला माझी ना नाही. गुडघे दुखणाऱ्यांनीही वर यावं. पण ती खोली गेली तर माझ्यात उरलं काय, नुसत्या विटा?

लेकीच्या कानावर गेलं तशी ती काठी टेकत आली. भांडली नाही. संग्रहालयाच्या व्यवस्थापक बाईंना तिनं खोलीत बसवलं, दार लोटलं आणि स्वतः बाहेर पायरीवर बसली.

“चूक माझीच,” ती म्हणाली. “घर दिलं, पण या खोलीचं सांगायचं राहून गेलं.” मग सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, “आई गेली ना, त्या दिवशी बाबा इथेच येऊन बसले. आत कुणी नव्हतं. तरी बोलत होते.”

मग व्यवस्थापक बाई दार उघडून तिच्या शेजारी बसल्या. “लिफ्ट मागच्या अंगणात घेऊ,” म्हणाल्या.

आता त्या खोलीत काही मांडलेलं नाही. आतली कडी तेवढी चालू ठेवलीय. मला बघायला जरूर या. आणि कुणाशी बिनसलं असेल, तर त्यालाही सोबत घेऊन या.