पाण्यात लाल आधी जातो

पैज लागली जिन्यात, कचऱ्याच्या डब्याशेजारी. एकीकडे गॅरेजवाला, दुसरीकडे वरच्या मजल्यावरचा चष्मेवाला. दोघांना पाण्याखाली फोटो काढायचं नवं खूळ लागलेलं, आणि अक्कल दोघांनाही सारखीच कमी.

"जेपेग फोटो म्हणजे कॅमेऱ्यानंच रांधून ताटात वाढलेलं," गॅरेजवाला म्हणाला. "काढला फोटो, संपला विषय."

"आणि मीठ जास्त पडलं तर? रॉ म्हणजे कच्चा शिधा, लेका. घरी येऊन हवं तसं शिजव. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी जातो. जेपेगमध्ये तो परत कुठून आणशील?"

"गॅरेजात डबा भरून आहे!"

गॅरेजवाल्याच्या बायकोनं हातातली पिशवी खाली ठेवली. "भांडू नका. दोघं माझाच फोटो काढा. ज्याचा वाईट येईल त्यानं पायात पोहायचे रबरी फिन्स घालून भर बाजारातून चालायचं. भाऊजी, तुम्हीसुद्धा हं!"

दोघं बघतच राहिले. एरवी कॅमेरा दिसला की ही बाई तोंडावर हात घ्यायची. लग्नाच्या फोटोतही नुसता तळहात.

सुट्टीत तिघं समुद्रात उतरले. गॅरेजवाल्यानं हट्टानं जेपेगच लावलं. खाली गेल्यावर तिनं तोंडातली नळी काढली, श्वास रोखला आणि हात बाजूला ठेवून झकास हसली. त्यानं धडाधड फोटो काढले.

निकाल लागायच्या आधीच ती गेली. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कोसळली. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव.

भिंतीवर लावायला तेवढेच फोटो होते. गॅरेजवाल्यानं ते उघडले आणि तसाच बसला. ओठ निळे, गाल हिरवट. दवाखान्यात चादर बाजूला केली तेव्हा दिसली होती, अगदी तशी. त्यानं लाल वाढवून पाहिला, तर गालांवर गंजाचे डाग उठले. आठवडाभर तो खटपट करत राहिला. बघून बघून तिचा खरा रंगच डोळ्यांपुढे येईना, तेव्हा मात्र घाबरला आणि जिना चढून वर गेला.

"तुझे दाखव."

"माझे सगळे हलले रे," चष्मेवाला म्हणाला.

"थापा मारू नकोस. कान लाल झालेत तुझे."

चष्मेवाल्यानं गुपचूप कॉम्प्युटर लावला. एकच फोटो, बाजूनं काढलेला, तोही निळाच. पण त्यानं हळूहळू रंग सरकवला, तसे ओठ भरले, गाल उजळले, कानाजवळचा तीळ वर आला.

"हीच," गॅरेजवाला पुटपुटला. "हीच आमची."

ती कुणाकडे तरी बघून हसत होती. फोटोच्या कडेला तो स्वतःच होता, मान खाली घालून कॅमेऱ्याच्या पडद्यात बुडालेला.

"माझ्याकडे बघत होती रे. आणि मी बटणं दाबत होतो."

"वहिनींना माहीत होतं तू कसा आहेस ते."

गॅरेजवाला नाक पुसून उठला. "हरलो मी."

"वेड लागलंय का? पैजेचं काय घेऊन बसलास!"

"तिनं लावली होती. तू कोण माफ करणारा?"

दुसऱ्या दिवशी बाजार ऐन भरात असताना तो निघाला. फटाक, फटाक. पोरं मागे लागली. फळवाली ओरडली, "अहो, समुद्र तिकडं राहिला!" सगळा बाजार खो खो हसला. तो चालत राहिला, वाटेत आलेल्या टोपल्या चुकवत, गुडघे उंच उचलत. चष्मेवाला त्याच्या चपला हातात घेऊन बरोबर चालत होता. पाण्यातला तो काचेचा मास्कही गॅरेजवाल्यानं डोळ्यांवर चढवला होता. मास्क काही पैजेत ठरला नव्हता. काच आतून पार धुरकटलेली, त्याला समोरचं धड दिसत नव्हतं. खड्डा आला की चष्मेवाला नुसता त्याचा दंड धरायचा.