ओल्या रंगाचं दार

ठिणगीमामांनी आयुष्यभरात इतक्या मोटारींच्या वायरी उसवून पुन्हा शिवल्या होत्या, की त्या एकीला एक जोडल्या असत्या तर चंद्रावर जाऊन, तिथं एक बल्ब लावून, येताना दूध घेऊन परत येता आलं असतं. हे त्यांचंच म्हणणं. मोजायला कोण जातंय! तर अशा मामांना सख्ख्या बहिणीच्या गाडीनं तीन दिवस पाणी पाजलं होतं.

गाडी तशी वयस्करच. ताईचे यजमान, म्हणजे मामांचे दाजी, घरं रंगवायचे. घर रंगवून उरला रंग की वर्षातून एकदा गाडीला एक हात. अशी एकतीस वर्षं. शेवटी शेवटी गाडीला इतकं बाळसं आलं, की फाटकातून काढताना ती पोट आत ओढून घ्यायची, आणि दार लावायचं तर आधी पाहुण्याला खांदा लावायला सांगावं लागायचं. दाजींना मात्र गाडी कधी चालवता आली नाही. त्यांनी रंगवायची आणि ताईनं चालवायची, असा संसार. गेल्या वर्षी त्यांनी शेवटचा हिरवा हात मारला आणि तीन महिन्यांत ते गेले.

आणि आठ दिवसांपूर्वी गाडी भर चौकात मेली. दिवे नाहीत, हॉर्न नाही, किल्ली फिरवली तर साधं ‘टक’सुद्धा नाही. चार जणांनी ढकलत घरी आणली.

“मामा, आज चार वाजता भंगारवाला येतोय,” भाची सकाळी कामावर निघताना म्हणाली. “चालू झाली तर राहू दे. नाही तर आईनं रोज बंद गाडीत जाऊन बसायचं, हे मला बघवत नाही.”

ताई फडकं घेऊन गाडीच्या टपावरची धूळ पुसत राहिली.

मामांनी चौथ्यांदा सगळं तपासलं. बॅटरी नवी कोरी, ठणठणीत. फ्यूज शाबूत. मग त्यांचा तपासणीचा दिवा, म्हणजे एक छोटा बल्ब, त्याच्या एका वायरीला चिमटा आणि दुसरीला सुई. चिमटा नेहमीप्रमाणे बॅटरीच्या उणे टोकाला लावायचा आणि सुई टोचत पुढं जायचं. फ्यूजला टोचली, दिवा लागला. हॉर्नच्या वायरीला टोचली, लागला. थेट पुढच्या मोठ्या दिव्याच्या होल्डरपर्यंत वीज हजर होती. आणि मोठा दिवा ढिम्म.

“वीज दारापर्यंत येते आणि आत यायला लाजते,” मामा पुटपुटले.

“नवी नवरी आहे का ती?” ताई म्हणाली. “तुला जमत नसेल तर सरळ सांग.”

“जमत नाही असं नाही, ताई. कळत नाही.”

“मग जेव आणि डोकं शांत कर.”

जेवण झालं आणि मामा गाडीच्या मागच्या सीटवर कलंडले. पत्र्याच्या शेडच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या आत आल्या होत्या, त्यांत धूळ सावकाश तरंगत होती. गाडीत टर्पेंटाइनचा जुना वास होता. पापण्या कधी मिटल्या ते त्यांना कळलं नाही.

बघतात तर बॅटरीतून माणसं बाहेर पडतायत. करंगळीएवढी, डब्यांचे झोळे खांद्याला, कामावर निघालेली. वायरींच्या गल्ल्यांतून ती रांगेनं गेली आणि दिव्याच्या उंबऱ्यात खोळंबून उभी राहिली.

“अहो, कामाला लागा की,” मामा म्हणाले.

“काम करू हो,” त्यातला एक म्हातारा म्हणाला, “पण घरी परत कुठून जायचं? परतीचं दार बंद आहे. आधी परतीचं बघतो, मगच आम्ही हात चालवतो. तुम्ही तरी बिनपरतीचं घर सोडाल का?”

मामा त्या दाराशी गेले. दार हिरवंगार होतं. बाजूला स्टुलावर दाजी बसले होते, हातात ब्रश, कानाला अर्धी पेन्सिल. दारावर त्यांच्याच अक्षरात पाटी होती: ओला रंग, हात लावू नये.

“दाजी, उघडा की.”

“खरवडायचं नाही हं,” दाजी हसून म्हणाले. “तूच शब्द दिला होतास.”

मामा उठले ते डोकं टपाला आपटूनच.

शब्द दिला होता! गेल्या वर्षी बॅटरीची उणे बाजू गाडीच्या पत्र्याला जोडणारी पट्टी मामांनीच बदलली होती. वीज कामावर जाते वायरींतून, पण घरी परतते पत्र्यातून आणि त्या पट्टीतून. पट्टी बसवण्याआधी पत्रा लखलखीत होईपर्यंत खरवडायचा, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. पण दाजी मधे आले, “ताजा हात आहे रे, ओरखडा नको,” आणि मामांनी भिडेखातर ‘नाही खरवडत’ म्हणून पट्टी रंगावरच आवळली. बोल्टच्या आट्यांतून जेमतेम काम चाललं होतं, तिथंही आता गंज चढला असणार. आणि चिमटा कायम बॅटरीलाच लावल्यानं तपासणीच्या दिव्याची वीज पट्टीला वळसा घालून परतत होती, म्हणून आपलं हेच काम तेवढं तपासायचं राहिलं होतं.

त्यांनी वायरीचा एक तुकडा घेतला. एक टोक बॅटरीच्या उणे टोकाला धरलं, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. शेडमध्ये दोन पिवळे डोळे उघडले.

ताई दारात आली. पावणेचार झाले होते.

“चूक माझी आहे,” मामा म्हणाले. “वर्षापूर्वीची. आणि दुरुस्त करायची तर त्यांचा रंग खरवडावा लागेल. रुपयाएवढाच, पण खरवडावा लागेल.”

ताईनं त्या दिव्यांकडं बघितलं. मग स्वयंपाकघरात गेली आणि भाजीची सुरी घेऊन आली.

“सरक. तुझा हात जड आहे.”

मामांनी बोल्ट काढला. ताई वाकली. हिरवा निघाला, खाली पिवळा.

“हा शाळेचा,” ती म्हणाली. पिवळ्याखाली निळा. “हा डॉक्टरांच्या घराचा. महिनाभर पोळ्याही निळ्या लागत होत्या.” गुलाबी निघाला तेव्हा ती लाजली आणि कुणाचा ते तिनं सांगितलं नाही. मामांनीही विचारलं नाही. रंग पापुद्र्यांनी निघत होते, ती ते दुसऱ्या तळहातावर ठेवत होती. एकतिसाव्या थराखाली पत्रा लागला, जन्मल्या दिवशी होता तसा चकचकीत.

मामांनी पट्टी आवळली, वरून ग्रीसचं बोट फिरवलं. चारच्या ठोक्याला फाटक वाजलं. भंगारवाला आत आला आणि त्याच क्षणी ताईनं किल्ली फिरवली. गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली.

“ही न्यायचीय ना?” भंगारवाल्यानं विचारलं.

“नेते ना,” ताई म्हणाली. “मुलीला कामावरून आणायला नेते. तू जरा फाटक धर.”

त्यानं धरलं. गाडीनं पोट आत ओढलं आणि ती बाहेर पडली. मामा शेजारी बसले होते, मांडीवरच्या फडक्यात एकतीस वर्षांचे पापुद्रे, आणि ते उडू नयेत म्हणून त्यांनी काच वर केली.