पालथे वाडगे

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका खोलीत या. खिडकी बंद आहे. भिंतीशी पुस्तकांचे ढीग, टेबलावर बिस्किटांचा चुरा. टेबलामागे चिनी विभागाचे सर बसले आहेत. ते जिभेला अंगठा लावतात, पान उलटतात; पुन्हा जीभ, पुन्हा पान. समोर उभी असलेली मुलगी त्या ओल्या अंगठ्याकडे बघते आहे, कारण पानं तिच्या ऑनर्सच्या प्रबंधाची आहेत. सरांनी सही केली तर उद्या ती कार्यालयात जमा होतील. नाही केली तर मेहनत पाण्यात, आणि हातात नुसती साधी पदवी.

"हे चौथं प्रकरण काढ," सर म्हणाले.

त्या प्रकरणात काय होतं ते आधी सांगायला हवं. एक जुनं चिनी चित्रपुस्तक होतं, पंख्यासारखं घड्याघड्यांचं. प्रत्येक चित्रात तेच जेवणाचं टेबल. पुस्तकाच्या एका टोकाला टेबलाभोवती सहा माणसं बसलेली, दुसऱ्या टोकाला कुणीच नाही, फक्त सहा पालथे वाडगे. मधल्या चित्रांत माणसं एकेकाने कमीजास्त. सरांनी तरुणपणी हे पुस्तक आपल्या सवयीने डावीकडून उघडलं. त्यांना आधी रिकामं टेबल दिसलं, मग माणसं वाढत गेली. त्यावर त्यांनी भरत जाणाऱ्या घराबद्दल एक जाडजूड ग्रंथ लिहिला. सत्कार झाले, शाली मिळाल्या, वर्गात तेच शिकवलं जाऊ लागलं. पण जुनी चिनी पुस्तकं उजवीकडून उघडायची असतात. तसं उघडलं की ते घर भरत नाही, ओस पडत जातं. मुलीने चौथ्या प्रकरणात हेच लिहिलं होतं.

"सर, एका वाडग्याचा टवका उडालाय," मुलगी म्हणाली. "सहा माणसं आहेत तिथे तो धड आहे. तीन उरतात तिथपासून फुटका. तुमच्या क्रमाने बघितलं तर फुटलेला वाडगा आपोआप सांधला जातो."

"आणि ते मला दिसलं नसेल, असं वाटतं तुला?"

तिची नजर अंगठ्यावरून सरांच्या चेहऱ्यावर गेली.

"ग्रंथ छापून आला आणि मग दिसलं. काय करायला हवं होतं मी? दवंडी पिटायची होती?" सर हसले. "बरं, प्रकरण राहू दे. शेवटी एक वाक्य घाल. चित्रांचा क्रम नक्की सांगता येत नाही. बस. तुझंही काम झालं, माझंही. घे, बिस्कीट घे."

सरांचा नजरचुकीने गोंधळ झाला असेल, असं ती वर्षभर स्वतःला समजावत आली होती. त्यांनी पुढे केलेल्या बशीत त्यांच्याच अंगठ्याचा ठसा ओला होता. तिने बिस्कीट न घेता आपली पानं उचलली.

घरी येऊन तिने ते वाक्य लिहिलं. लिहून झाल्यावर हात धुतले. वाचलं, आणि पुन्हा धुतले.

"अगं, कातडी निघेल," वहिनी म्हणाली. "असं काय लागलंय हाताला?"

"चिकट वाटतंय."

भावाची छोटी मुलगी जमिनीवर पालथी पडून त्या चित्रांच्या प्रती मांडत होती. उजवीकडून मांडायच्या, हे आत्यानेच तिला शिकवलं होतं.

"आत्या, शेवटी कुणीच नाही. कुठे गेली सगळी?"

"माहीत नाही गं. दुष्काळ असेल, साथ असेल. कुणी लिहून नाही ठेवलं."

"मग तू लिहिलंस ना?"

स्वतःचीच किळस येते तेव्हा माणूस लहान मुलाकडे बघू शकत नाही. आत्याने संगणकाकडे तोंड वळवलं आणि ते वाक्य पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी ते वाक्य नसलेलं पान वाचलं आणि सही न करता पेनाला टोपण लावलं.

"मग दुसरा मार्गदर्शक शोध."

"मुदत आज संपते, सर."

"हो ना," सर म्हणाले, आणि बिस्किटाच्या पुड्यात हात घातला.

संध्याकाळी तिने घरी एवढंच सांगितलं की एक ओळ लिहिली नाही म्हणून ऑनर्स गेलं. मग आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

ताटं मांडताना वहिनीचा आवाज चढला होता. "एका ओळीने झिजणार होती का? सगळं जग लिहितं. हिलाच सोवळं." मांडलेल्या ताटांतलं एक तिने पालथं घातलं. "ती नाही जेवायची. तुम्ही बसून घ्या."

भाऊ खाली मान घालून बसला.

छोटी त्या पालथ्या ताटाकडे बघत राहिली. मग उठली. तिने ते ताट दोन्ही हातांनी सुलटं केलं, शेजारी पाण्याचा पेला भरून ठेवला आणि आपल्या जागेवर परत आली. जेवणाला हात न लावता ती आतल्या खोलीच्या दाराकडे बघत बसून राहिली.