शेवटच्या थांब्यावरची बारा मिनिटं

तिने सतराव्या ओळीखाली लाल पेनाने इतक्या जोरात रेघ ओढली की कागद फाटला. टेबलापलीकडे बसलेल्या सल्लागाराने फाटलेल्या जागेकडे पाहिलं आणि घसा साफ केला.

“हा मुद्दा जरा नाजूक आहे, मॅडम.”

“का? आधीचे सोळा काय दणकट होते?”

टेबलाच्या टोकाशी बसलेले वाहतूक खात्याचे साहेब खिडकीबाहेर पाहू लागले. दोघांची जुंपली की ते नेहमी तसंच करत.

शहराच्या बस कंपनीचं हे मुख्य कार्यालय. कोणती गाडी कोणत्या मार्गावर जाणार, तिच्यावर ड्रायव्हर कोण, कंडक्टर कोण, ती कुठून किती वाजता सुटणार आणि कुठे किती थांबणार, हे सगळं ठरवणारं सॉफ्टवेअर एकोणीस वर्षांपूर्वी तिने एकटीने लिहिलं होतं आणि तेव्हापासून तीच ते सांभाळत होती. तिच्या बरोबरीचे लोक बँकांची आणि मोबाइलवरच्या खेळांची कामं करून कुठल्या कुठे पोचले. ती बसच्या ड्यूट्या लावत राहिली, आणि त्यात तिला तसूभरही कमीपणा वाटत नव्हता. डेपोंमध्ये तिला मिनिटवाली म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले.

आता कंपनीने हा सल्लागार आणला होता. त्याने थंडगार खोलीत पंधरा दिवस बसून तिचा सगळा कोड वाचला होता आणि त्यातून तेवीस दोष काढले होते. बसमध्ये तो एकदाही चढला नव्हता. मला बस लागते, असं त्याने पहिल्याच दिवशी हसत हसत सांगितलं होतं. दोष क्रमांक चार: सहा नंबरच्या दहा वीसच्या फेरीला चार मिनिटं जास्त का? कारण तेव्हा मालगाडीचं फाटक पडतं, बाबा. दोष क्रमांक नऊ: एका वळणावर दीड मिनिट का? कारण तिथे शाळा सुटते. प्रत्येक आकड्यामागे ती कधी ना कधी स्वतः उन्हात उभी राहिली होती, आणि हा माणूस त्यांना ‘अकारण आकडे’ म्हणत होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, ती काही खाली उतरायला तयार नव्हती.

सल्लागाराने वाचायला सुरुवात केली. “जुन्या डेपोत, जिथे मार्ग संपतो तिथे, दोन फेऱ्यांच्या मध्ये पुरुष कंडक्टरला पाच मिनिटं आणि बाई कंडक्टरला बारा मिनिटं दिलेली आहेत. कारण नोंदवलेलं नाही. हा उघड उघड भेदभाव आहे. चौदा बायका, प्रत्येकीच्या रोज चार फेऱ्या. म्हणजे जास्तीच्या सात-सात मिनिटांचे दिवसाला साडेसहा तास गाड्या नुसत्या उभ्या.”

“त्यांना जावं लागतं.”

“कुठे?”

तिने लाल पेन टेबलावर ठेवलं.

“बाथरूमला,” ती म्हणाली. “पुरुषांचं कंट्रोल केबिनला लागून आहे. बायकांचं पार वर्कशॉपच्या मागे. त्याची किल्ली वॉचमनकडे, वॉचमन गेटवर आणि गेट दुसऱ्या टोकाला. मी स्वतः चालून मोजलंय.”

“कधी?”

“बारा वर्षांपूर्वी.”

“म्हणजे कागद नाही.”

“पाय आहेत.”

साहेबांना हसू आलं, पण त्यांनी ते खोकल्यावर निभावून नेलं. “मॅडम, तुमचं म्हणणं मला पटतं हो,” ते म्हणाले, “पण वर मला कागद दाखवावा लागतो. आठ दिवसांत मोजमाप आणि त्या बायकांच्या सह्या आणा. नाहीतर सगळ्यांना सरसकट पाच मिनिटं करून टाका.”

उरलेले मुद्दे अर्ध्या तासात उरकले. एकविसावा तेवढा तिला रास्त वाटला. गाडी उशिरा सुटली की डेपोतल्या कंट्रोलरला संगणकावर कारण निवडावं लागे. त्या यादीत सहाच कारणं होती, आणि लोक सगळं सहाव्या ‘इतर’मध्ये ढकलत. ‘नेमकी कारणं घालावीत,’ असं सल्लागाराने लिहिलं होतं. हे तिला आधीच सुचायला हवं होतं. ते तिने मुकाट्याने मान्य केलं आणि कागद पिशवीत कोंबले.

घरी आल्यावर तिने नवऱ्यापुढे सगळा पाढा वाचला. तो शाळेत चित्रकला शिकवत असे आणि त्या वेळी ओट्यापाशी भांडी पुसत होता.

“भेदभाव म्हणे! मला शिकवतो समानता!”

“अगं, ती पुसलेली ताटली आहे,” तो म्हणाला. तिने ताटली फडक्याने तिसऱ्यांदा घासायला घेतली होती. “आणि उद्या जुन्या डेपोत जाशील तेव्हा चपला चांगल्या घाल. मागे एकदा तिथून पाय सुजवून आली होतीस.”

मागे एकदा म्हणजे मुलगी पोटात असताना. तेव्हा तिला सातवा महिना होता. संगणक जोडायला ती जुन्या डेपोत गेली, आणि दुपारी तिला स्वतःलाच जावं लागलं. गेटवर जाऊन किल्ली घेतली, तेलकट आवार ओलांडलं, टायरांच्या ढिगाला वळसा घातला, जाऊन आली, किल्ली परत केली. तोवर तिची परतीची गाडी निघून गेली होती. बाकावर बसून ती रडली होती, दमून नाही, रागाने. त्याच रात्री तिने पाचाचे बारा केले. कोणाला विचारलं नाही. एकोणीस वर्षांत केलेलं सर्वांत चांगलं काम कोणतं, असं कोणी विचारलं असतं तर तिने तेच सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्टॉपवॉच आणि सह्यांचा कागद घेऊन डेपोत पोचली. तिला न्यायला डबलबेल आली. बाई कंडक्टरांमधली ही सर्वांत जुनी. तिने दोनदा घंटी मारली की झोपलेला ड्रायव्हरसुद्धा दचकून गाडी सोडतो, म्हणून हे नाव पडलेलं. गुडघे आता कुरकुरत होते, पण खांद्यावरची तिकिटांची पिशवी अजून ताठ होती.

“चला ताई, नेहमीसारखं चाला. मुद्दाम सावकाश नको,” मिनिटवाली म्हणाली आणि तिने स्टॉपवॉचचं बटण दाबलं.

“मुद्दाम कशाला मॅडम? या गुडघ्यांनी ते आपोआपच होतं.”

किल्लीला अजूनही तोच वीतभर लाकडी ठोकळा बांधलेला होता, हरवू नये म्हणून. वाटेत मेकॅनिक खाली मान घालून नटबोल्ट शोधू लागले. तो ठोकळा पदराआड धरून बाई निघाली तरी सगळ्या आवाराला ती कुठे चालली आहे ते कळत असे, त्यामुळे निदान एवढी लाज त्यांनी पाळली होती. मिनिटवाली पावलं मोजत होती. जाताना चारशे दहा. किल्ली परत करून केबिनपाशी येईपर्यंत अकरा मिनिटं आणि चाळीस सेकंद.

“बघा!” तिचा आवाज चढला. “वीस सेकंद इकडे की तिकडे! आता त्याच्या नाकावर टिच्चून हा कागद ठेवते. करा सही. सगळ्या चौदा जणींच्या सह्या हव्यात.”

डबलबेलने पेन घेतलं नाही. तिकिटांची पिशवी खांद्यावर सावरून ती म्हणाली, “जरा इकडे या.”

पुरुषांच्या स्वच्छतागृहाला लागूनच एक दार होतं. तिने ते खांद्याने ढकललं. आत मोडक्या सीटा, जुन्या पाट्या आणि गंजलेल्या तिकीट-पेट्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. कोपऱ्यात भिंतीतून हातभर पाइप बाहेर आला होता आणि त्याच्या तोंडात लाकडी बूच मारलेलं होतं.

“हे आमचं होणार होतं,” डबलबेल म्हणाली. “पाणी इथवर आलं होतं. इंजिनियर येऊन भिंतीवर खडूने रेघासुद्धा मारून गेला.”

“मग?”

“तेव्हा गाड्या रोज उशिरा सुटायच्या ना. आम्ही जाऊन येईपर्यंत लोक आरडाओरडा करायचे, तक्रारवही भरायची. तेव्हाच्या साहेबांच्या नाकी नऊ आले होते. म्हणून तर काम सुरू केलं त्यांनी, नाहीतर आमच्याकडे कोण ढुंकून बघतंय! आणि मग अचानक गाड्या वेळेवर सुटायला लागल्या.”

तिने स्टॉपवॉचकडे पाहिलं. ते बंद करायचं राहून गेलं होतं.

“आमच्या अर्जाला उत्तर आलं,” डबलबेल पुढे म्हणाली आणि थांब्यांची नावं घ्यावीत तशी एका सुरात बोलत गेली. “वेळापत्रकात आवश्यक ती सोय करण्यात आलेली असल्याने, सदर अर्ज निकाली काढण्यात येत आहे.”

“मला कोणीच कसं सांगितलं नाही?” तिचा आवाज एकदम धारदार झाला. “बारा वर्षं मी इथे येतेय. चांगलं करायला गेले तर माझ्याच माथी खापर!”

“खापर नाही हो मॅडम. तुम्ही चांगल्या मनाने केलंत. तुमच्या लेकीसाठी आम्ही सगळ्यांनी मिळून दुपटं शिवून पाठवलं होतं, आठवतंय? तेव्हा कोणत्या तोंडाने सांगणार? नंतर मग सवय झाली.” तिने एका तिकीट-पेटीवरची धूळ पुसली. “पण खरं सांगू? तुम्ही आम्हाला बारा मिनिटं दिलीत, आणि त्यांना बारा वर्षं.”

तिला राग आला. आधी या बाईचा आला, मग खडूने रेघा मारून गेलेल्या इंजिनियरचा, मग अर्ज निकाली काढणाऱ्या, तिला कधीच न दिसलेल्या त्या हाताचा. शेवटी रागावायला दुसरं कोणी उरलं नाही. ती पाइपापाशी गेली आणि ते बूच उपटायला लागली. बूच हललं नाही. बोटात मात्र लाकडाचं कुसळ घुसलं.

“राहू द्या. आत पाणी नाही,” डबलबेल म्हणाली.

ती बोट चोखत उभी राहिली. मग ती म्हणाली, “पाच मिनिटं केली तर उशिराचे मेमो येतील तुम्हाला.”

“येऊ देत की. एकीला आला तर ती घाबरेल. चौदा जणींना रोज चार-चार द्यायचे म्हटले तर लिहिणाऱ्याचाच हात दुखेल.”

“बाकीच्या तयार होतील?”

“त्यांना मी बघते. तुम्ही तुमचं बघा.”

सह्यांचा कागद तिने घडी करून पिशवीत ठेवला आणि परतीची गाडी पकडली.

आठवडा संपायच्या आत तिचं उत्तर मुख्य कार्यालयात पोचलं. सतराव्या मुद्द्यासमोर तिने दोनच वाक्यं लिहिली होती: दोष मान्य. सर्वांना समान पाच मिनिटं केली आहेत. सल्लागाराचा आनंद गगनात मावेना. त्याने लगेच फोन केला.

“मॅडम, मनाचा मोठेपणा आहे हा. मला वाटलं होतं तुम्ही भांडाल.”

“मुद्दा बरोबर होता तुमचा. तिथे भेदभाव आहेच.”

“आणि एकविसावा?”

“तोही केला. कारणं अगदी नेमकी घातली आहेत. आणि उशिराचा रोजचा तक्ता दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आपोआप साहेबांच्या टेबलावर जाईल, कारणासकट.”

“वा!” सल्लागार म्हणाला.

सोमवारी सकाळी ती चांगल्या चपला घालून डेपोत आली आणि कंट्रोल केबिनमध्ये कंट्रोलरच्या शेजारी स्टुलावर बसली. नवीन बदल केला की पहिला दिवस ती नेहमीच तिथे काढत असे, त्यामुळे त्याला काही वावगं वाटलं नाही. सहा नंबरची गाडी नऊ दहाला येऊन लागली. नऊ पंधराला सुटायची होती. लोक चढून बसले. ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून तयार होता.

नऊ सोळाला कोणीतरी गाडीचा पत्रा बडवला. नऊ अठराला एक गृहस्थ केबिनच्या खिडकीशी येऊन तावातावाने तक्रारवही मागू लागले. तिने स्वतः उठून त्यांना वही दिली, वर पेनही दिलं.

“कंडक्टर कुठे गेली?” कंट्रोलरने उभं राहून बाहेर पाहिलं.

आवाराच्या पार मागच्या बाजूला, टायरांच्या ढिगामागून डबलबेल येताना दिसली. ती घाई करत नव्हती आणि मुद्दाम रेंगाळतही नव्हती. लाकडी ठोकळा आज तिने पदराआड धरला नव्हता. सगळ्यांना दिसेल असा हातात लोंबता ठेवून ती गेटकडे चालली होती. किल्ली परत करायची होती. तिच्या मागून दुसरी एक कंडक्टर वर्कशॉपकडे निघालेली दिसली, कारण चौदा नंबरची गाडीही येऊन लागली होती.

संगणकाचा पडदा लाल झाला आणि त्याने उशिराचं कारण मागितलं. कंट्रोलर सवयीने सहा दाबायला गेला आणि त्याचा हात थांबला. ‘इतर’ तिथे नव्हतंच. त्याने यादी वरून खाली वाचली, शेवटी आला आणि चष्मा वर सरकवून पुन्हा वाचली.

“मॅडम, हे सात नंबरचं… हे असं छापून वर जाणार?”

“रोज सकाळी दहाला.”

त्याने पडद्याकडे पाहिलं. ‘महिला स्वच्छतागृह दूर. जाण्याची पावलं ४१०, किल्ली गेटवर.’ मग त्याने खिडकीतून बाहेर, टायरांच्या ढिगाकडे पाहिलं. बाहेर ते गृहस्थ अजून लिहीतच होते, त्यांनी पान उलटलं होतं.

“माझी बायको शाळेत शिपाई आहे,” तो कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाला. “ती दिवसभर पाणीच पीत नाही.”

त्याने सात दाबलं.

नऊ बावीसला आवारात दोनदा घंटी वाजली आणि गाडी सुटली.